अर्ज आपल्या पत्त्यावरून

(वर्धापनदिनाच्या आदल्या रविवारी विहारात विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सेक्रेटरींनी मला विषय दिला आहे, 'बायोडाटा कसा तयार करावा व ई-मेलने कसा पाठवावा.' विषय ऐकून काही जणांना हसू आले असेल. नववी शिकलेला गिरणी कामगार, ३१ वर्षे रिंग खात्यात चात्यांशी झुंजलेला, हा आता पदवीधरांना मेल शिकवणार! हसा, मला राग नाही. परंतु ही विद्या मी वयाच्या ५१ व्या वर्षी पोटासाठी शिकलो आहे. शिकताना ज्या चुका केल्या त्या तुम्ही परत करू नयेत, एवढ्यासाठी उभा राहिलो आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आपल्याच वस्तीतली एक मुलगी. नाव सांगत नाही, तिची परवानगी घेतली आहे. बी.कॉम. फर्स्ट क्लास, टॅली शिकलेली, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. दुकानदाराने पन्नास रुपयांत बायोडाटा बनवला आणि बारा कंपन्यांना तिथल्या तिथे मेलही करून दिला. मुलगी खूश, आई खूश. नंतर दोन महिने काही उत्तर नाही. आई मला म्हणाली, "भाऊ, आपल्या पोरांना कोण घेतंय?" मीही मान हलवली. मलाही तसंच वाटलं.

मग एके दिवशी ती मुलगी रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला गेली. दुकानदार म्हणाला, "अगं, तुझं काहीतरी आलं होतं वाटतं." त्याने मेल उघडला, खाली खाली गेला. एका कंपनीचा इंटरव्ह्यूचा कॉल होता. तारीख, वेळ, पत्ता, सगळं लिहिलेलं. तारीख उलटून तीन आठवडे झाले होते. पोरगी दुकानातच उभी राहून वाचत राहिली.

दुकानदार वाईट माणूस नव्हे. त्याने मेल केला तो स्वतःच्या मेलवरून. रोज शंभर जणांचे कागद तो त्याच मेलवरून पाठवतो. आणि मेलचा नियम असा की उत्तर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर जाते. आत बायोडाट्यात मुलीचा मोबाईल नंबर होता, हे खरे. परंतु ऑफिसातला माणूस आलेल्या मेलखालचे 'रिप्लाय'चे बटण दाबतो आणि मोकळा होतो. त्याला काय माहीत की हा पत्ता झेरॉक्सवाल्याचा आहे!

म्हणून आज तुम्ही बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण अर्ज आपल्या स्वतःच्या पत्त्यावरून, स्वतःच्या हाताने पाठवा. मेलचा पत्ता काढायला पैसे पडत नाहीत. मोबाईलवर दहा मिनिटांत होतो. तो काढताना नाव सरळ ठेवा: आपले नाव, आडनाव, लागलाच तर एखादा आकडा. एका मुलाचा पत्ता 'डॅशिंग' काहीतरी होता आणि तो बँकेच्या एजन्सीत अर्ज करत होता. पासवर्ड वहीत लिहून घरात ठेवा. मोबाईल हरवला, सिम बदलले आणि मेल कायमचा गेला, अशी तीन पोरे मी पाहिली आहेत. रिचार्ज संपला की नवे सिम घ्यायची आपल्याकडे सवय आहे. बायोडाट्यात जो नंबर लिहिला तो वर्षभर तरी चालू राहिला पाहिजे. जमत नसेल तर घरातला दुसरा नंबरही द्या.

आमच्या वेळी असले काही नव्हते. मी १९८९ साली गिरणीत बदली म्हणून लागलो. अर्ज नाही की बायोडाटा नाही. मामा त्याच खात्यात होता, त्याने मला गेटवर नेले आणि साहेबापुढे उभे केले. "भाचा आहे, काम करील," एवढीच माझी शिफारस. साहेबाने माझे हात बघितले आणि तिसऱ्या पाळीला पाठवले. आमच्या बापजाद्यांची भरती जॉबरच्या मर्जीवर होत होती. त्यातही विणकाम खाते आपल्याला बंद, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. आपली माणसे रिंग खात्यात, कमी पगारावर. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला, तो आपणा सर्वांना माहीत आहे. आज वशिला संपला असे मी म्हणणार नाही. परंतु बऱ्याच ठिकाणी पहिले दार आता कागदाचे आहे आणि तो कागद आपल्याला लिहिता येतो. आपल्याला अर्ज नवा नाही. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली लष्करात आणि पोलिसात आमच्या लोकांना घ्या म्हणून थेट विलायतेला, भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला होता, तोही इंग्रजीत.

आता माझी स्वतःची गोष्ट. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, आमची गिरणी थांबली ती परत सुरू झाली नाही. पुढच्या वर्षी एका मित्राने सांगितले, अंबरनाथकडे एका सुताच्या युनिटला फिटर पाहिजे. मी फोन केला. ऑफिसातली बाई म्हणाली, "सीव्ही मेल करा." मी म्हणालो, "बाई, मी स्वतः येऊन भेटतो ना!" ती म्हणाली, "आधी मेल." फोन ठेवला आणि घरात गप्प बसून राहिलो. सीव्ही, रिझ्युमे, बायोडाटा, ही आपल्यापुरती एकाच कागदाची तीन नावे आहेत, हेसुद्धा मला त्या दिवशी मुलीने सांगितले.

मुलगी तेव्हा बारावीत होती. ती मोबाईल घेऊन बसली. "बाबा, अनुभवात काय लिहू?"

"लिही, गिरणी कामगार, ३१ वर्षे."

"ते झालं. पण तुम्ही करत काय होतात?"

मला उत्तर देता येईना. रोज जे केलं ते सांगायचं कसं? मग हळूहळू सांगू लागलो. आधी तुटलेले धागे जोडणारा साइडर. मग फिटरच्या हाताखाली. ४४० चात्यांची फ्रेम उघडून साफ करणे, पट्टे बदलणे, ट्रॅव्हलर बदलणे, रोलर बसवणे, बेअरिंगचा आवाज ऐकून कुठे बिघाड आहे ते ओळखणे. शेवटची दहा वर्षे नव्या मुलांना काम शिकवणे. ती लिहीत गेली, अर्धे पान भरले. ३१ वर्षांत माझे काम मी असे कागदावर कधी बघितले नव्हते.

मित्रांनो, आपल्या मुलांचे बायोडाटे मी आता दर रविवारी बघतो. अनुभवाच्या जागी बहुतेकांनी 'नाही' लिहिलेले असते. मी विचारतो, "सुट्टीत काय करत होतास?" "काकाच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसत होतो, तीन वर्षे." अरे, मग हा अनुभव नाही तर काय? दुसरी मुलगी विहारात पाचवी ते सातवीच्या मुलांचा अभ्यासवर्ग घेत होती. एक भगिनी बारा वर्षे एका मेसमध्ये रोज दीडशे पोळ्या आणि मालाचा हिशोब सांभाळत होती, आणि तिच्या बायोडाट्यात 'गृहिणी'! पगारपत्रक मिळाले नाही म्हणून ते काम नव्हते काय? कुठे केले, किती काळ केले, काय काय केले, हे आकड्यासह लिहा. खोटे मात्र एक अक्षर लिहू नका. दोन महिन्यांचे सहा महिने केले की इंटरव्ह्यूत तिसऱ्या प्रश्नाला उघडे पडतो.

झेरॉक्सच्या दुकानातला तयार नमुना घेऊ नका असे मी म्हणतो ते याचसाठी. त्या नमुन्यात सगळेच 'हार्डवर्किंग' आणि 'ऑनेस्ट', सगळ्यांचा छंद क्रिकेट आणि गाणी ऐकणे. एका मुलाच्या बायोडाट्यात तर वडिलांच्या नावाच्या जागी आधीच्या गिऱ्हाइकाच्या वडिलांचे नाव तसेच राहिले होते. आणि तो कागद त्याने चौदा ठिकाणी पाठवला होता!

कागदाची मांडणी साधी ठेवा. वर नाव, त्याखाली मोबाईल, मेल, राहण्याचे ठिकाण. मग शिक्षण आणि अनुभव, दोन्हीत शेवटचे आधी. अनुभव जास्त असेल तर तो शिक्षणाच्या वर घ्या. मग येणारी कामे, भाषा. नुकतेच शिकून बाहेर पडलात तर एक पान पुरे, माझ्यासारख्याला दोन. अक्षर साधे, ११ किंवा १२ साइजचे, सगळीकडे एकच. रंगीत पट्ट्या, चौकटी, चांदण्या नकोत. याचे कारण केवळ दिसण्याचे नाही. मोठ्या कंपन्यांत आलेले बायोडाटे आधी कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम वाचतो, जाहिरातीतले शब्द त्यात आहेत का बघतो, मग माणूस बघतो. चौकटीतले, चित्रातले अक्षर त्या प्रोग्रॅमला कधीकधी वाचताच येत नाही. कागदाचा मोबाईलने फोटो काढून तोच पाठवला तर अक्षर वाचायचे राहूनच जाईल. जाहिरातीत 'वायरिंग' म्हटले असेल आणि ते तुम्हाला येत असेल तर तोच शब्द आपल्या कागदात असू द्या.

आधार नंबर, पॅन नंबर, बँकेचे खाते बायोडाट्यात लिहू नका. मागितल्याशिवाय फोटो नको. मुलींनी लग्न झाले की नाही हे लिहिण्याची गरज नाही. जातीचा दाखला, मार्कशीटचे गठ्ठे खाजगी कंपनीच्या पहिल्या मेलला जोडू नका. सरकारी भरतीचा अर्ज वेगळा असतो. तिथे विचारतील ते सर्व भरायचे आणि प्रवर्गाचा रकाना तर अजिबात चुकवायचा नाही.

जातीचा विषय निघाला म्हणून बोलतो. मागच्या महिन्यात एका मुलाने मला विचारले, "काका, आडनाव काढून टाकू का? नुसते नाव आणि वडिलांचे नाव ठेवतो." त्याचा प्रश्न भ्रमाचा नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या दोन संशोधकांनी ही गोष्ट तपासून बघितली आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फक्त नाव वेगळे: कुठे वरच्या जातीचे आडनाव, कुठे दलिताचे, कुठे मुसलमानाचे नाव. तो अभ्यास ऑक्टोबर २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला वरच्या जातीच्या नावाच्या दोन तृतीयांशच भरली, मुसलमान नावाला तर एक तृतीयांश. म्हणजे कागद सारखा असूनही नाव वाचून हात थांबतो, हे मोजून दाखवलेले आहे.

मग त्या मुलाला मी काय सांगितले? खरे सांगतो, चटकन काही सांगता आले नाही. व्यवहाराची गोष्ट म्हणून एवढे म्हणालो की कागदावरचे नाव आणि सर्टिफिकेटवरचे नाव एक असावे, नाहीतर नोकरी लागताना कागदपत्रांच्या वेळी घोळ होतो. तो म्हणाला, "घोळ होईल तेव्हा होईल, आधी बोलावू तर द्या." त्याला मी रागावू शकलो नाही. त्याने आडनाव ठेवले की काढले, मी विचारलेले नाही. माझ्या स्वतःच्या बायोडाट्याच्या वेळी मुलीने विचारले होते, "बाबा, नाव किती मोठं करू?" मी म्हणालो, १६ साइज कर. पूर्ण नाव, आडनावासकट. पण माझी पन्नाशी उलटली होती, त्याची बाविशी आहे. ज्याने त्याने आपल्या घरात बसून ठरवावे. एवढे मात्र आहे की नावामुळे जो हात थांबायचा तो थांबेल. बिन-विषयाच्या मेलमुळे, न उघडणाऱ्या फाईलमुळे तो थांबला तर ती चूक आपली.

तर फाईल. वर्डमध्ये तयार करा, पण पाठवताना पीडीएफ करून पाठवा. वर्डची फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षर बदलते, ओळी खाली सरकतात, एका पानाची दोन पाने होतात. पीडीएफ आहे तशी दिसते. 'सेव्ह ॲज'मध्ये जाऊन पीडीएफ निवडायचे, मोबाईलवरही होते. झाल्यावर फाईल उघडून एखादा शब्द बोटाने धरून निवडता येतो का बघा. आला तर ते खरे अक्षर, नाही आला तर तो फोटो. मराठीत अर्ज करायचा असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला नुसती चित्रविचित्र चिन्हे दिसतात. फाईलला आपले नाव द्या. 'न्यू रिझ्युमे फायनल २' या नावाच्या फाईली त्या साहेबाकडे पन्नास पडलेल्या असतात. मेलला फाईल जोडायला जीमेलमध्ये २५ एमबीची मर्यादा आहे. आपला बायोडाटा एक एमबीच्या वर जाण्याचे कारण नाही, गेला तर आत मोठा फोटो घुसला आहे असे समजा.

मेलचा विषय रिकामा सोडू नका. पदाचे नाव, आपले नाव, जाहिरातीत नंबर दिला असेल तर तो. उदाहरणार्थ, 'अप्लिकेशन फॉर इलेक्ट्रिशियन' आणि पुढे आपले नाव, 'आयटीआय, २ वर्षे अनुभव'. खाली मजकूर चार ओळींचा. अमुक ठिकाणी आपली जाहिरात वाचली. माझे शिक्षण हे, अनुभव हा. बायोडाटा सोबत जोडला आहे. भेटीची संधी द्यावी ही विनंती. खाली नाव आणि मोबाईल. इंग्रजी साधे असले तरी चालते. इंटरनेटवरून उचललेले जड इंग्रजी नको, कारण इंटरव्ह्यूत बोलायचे आपल्यालाच आहे. आणि 'हाय सर, जॉब आहे का' असला व्हॉट्सॲपचा मजकूर तर नकोच.

माझ्या पहिल्या मेलची फजिती ऐका. मजकुरात लिहिले, 'सोबत बायोडाटा जोडला आहे.' आणि बायोडाटा जोडलाच नाही! आठ दिवस उत्तराची वाट बघत बसलो. मुलीने 'सेंट'मध्ये जाऊन बघितले तेव्हा कळले. तेव्हापासून माझा क्रम उलटा आहे: आधी फाईल जोडायची, मग मजकूर, मग विषय, आणि पाठवायचा पत्ता सगळ्यात शेवटी. पत्ताच नसेल तर मेल चुकून जाणार कसा? परत मेल केला, एक ओळीत माफी मागितली. चार दिवसांनी फोन आला. आज त्याच युनिटमध्ये काम करतो आहे.

वीस कंपन्यांचे पत्ते एकाच मेलमध्ये घालू नका. प्रत्येकाला बाकीच्या एकोणीस जणांची यादी दिसते आणि आपण सगळीकडे पत्रके वाटतो आहोत हे कळते. 'सीसी' म्हणजे कार्बन कॉपी. युनियनच्या ऑफिसात टाइपरायटरमध्ये निळा कार्बन घालून आम्ही प्रती काढायचो, तोच शब्द मेलमध्ये आला आहे. 'बीसीसी'त नावे दिसत नाहीत, तरी मी म्हणतो, एक अर्ज एका कंपनीला. वेळ लागतो, लागू द्या.

पाठवले की वहीत नोंद करा. आपल्या विहाराच्या ऑफिसात आवक-जावक रजिस्टर आहे ना, तसेच. तारीख, कंपनी, पद, कोणत्या पत्त्यावर, उत्तर काय. रोज एकदा मेल उघडा आणि 'स्पॅम' नावाचा कप्पाही उघडा, कामाचे पत्र कधीकधी तिथे जाऊन पडते. आठ-दहा दिवसांत काही आले नाही तर त्याच मेलवरून एकदा नम्रपणे विचारा. एकदाच. रोज उठून विचारू नये.

आणि पालकांनो, हे तुमच्यासाठी. बायोडाटा पाठवायला लागले की खोटे मेल आणि फोनही येतात. 'तुमची निवड झाली, रजिस्ट्रेशनचे दोन हजार भरा, युनिफॉर्मचे पाच हजार भरा.' इंटरव्ह्यू न घेता निवड आणि वर पैसे, ही फसवणूकच समजा. मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे भरू नका, मुलाने कितीही हट्ट केला तरी. पाठवणाऱ्याचा पत्ता बघा, कंपनीच्या नावाचा आहे की फुकटचा कुठला तरी. कंपनीच्या ऑफिसात स्वतः फोन लावून खात्री करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा, उशीर केला तर ते पुढे फिरतात आणि हाती लागत नाहीत.

बोलणे लांबले, क्षमा असावी. दर रविवारी वंदनेनंतर १० ते १२ या वेळेत विहाराच्या मागच्या खोलीत आपण बसतो. लॅपटॉप एकच आहे, म्हणून आधी नाव नोंदवा. येताना मार्कशीट, आपला चालू मोबाईल आणि पासवर्डची वही आणा. काय काय काम केले ते घरीच एका कागदावर खरडून आणा, तिथे आठवत बसू नका. फी नाही. मी असतो, पण लॅपटॉपवर बसते ती मघाशी सांगितलेली झेरॉक्सच्या दुकानातली मुलगी. सहा महिन्यांपूर्वी ती एका सीएच्या ऑफिसात लागली. आल्या आल्या तुमचा मेलचा पत्ता विचारील, नसेल तर आधी तो काढायला लावील. तिच्याशी हुज्जत घालू नका, ती माझेसुद्धा ऐकत नाही.

एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो. जय भीम, जय बुद्ध.